धागा तुटताच थांबणारा माग

(वार्षिक ज्ञातिसंमेलनात ‘संगणकाची भाषा व संगणकाची सुरक्षितता’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या संमेलनात दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यानंतर शिक्षकाचा प्रशिक्षणक्रम पुरा करून अडतीस वर्षे मी प्राथमिक शाळेत मुलांना गणित व मराठी शिकविले. संगणकासारख्या विषयावर बोलण्याचा अधिकार माझ्यासारख्याला कोठून असणार? परंतु विषयाचा संबंध आपल्या मुलांच्या भवितव्याशी आहे, आणि माझ्या हातून पूर्वी घडलेल्या एका चुकीशीही आहे. म्हणून धीर करून उभा राहिलो आहे.

गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत आपल्या विद्यार्थी वसतिगृहात संगणकवर्ग सुरू करण्याचा ठराव एकमताने संमत झाला. मात्र त्या वर्गात संगणकाची कोणती भाषा शिकवावी, याविषयी एकमत होऊ शकले नाही. ‘सी’ ही जुनी व मूळची भाषा, तीच शिकवावी, असे काहींचे मत पडले. जिच्यामुळे नोकरी लवकर मिळेल ती शिकवावी, असे इतरांचे. त्या वेळी एका सद्गृहस्थांनी विचारले, ‘भाषा कोणती का असेना, काम झाल्याशी कारण, त्यात एवढा खल कशाला?’ हा प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. माझा भाचा पुण्यास एका कंपनीत संगणकाच्या आज्ञावल्या लिहितो. तो सुटीत घरी आला म्हणजे मी त्याला विद्यार्थ्यासारखे प्रश्न विचारीत असे. त्याने जे समजावून दिले व मी स्वतः जे वाचले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहे.

प्रथम माझी चूक सांगतो. सन १९८४ मध्ये मी सातवीचा वर्गशिक्षक होतो. वार्षिक परीक्षेचे गुण निकालपत्रकात उतरवीत असता एक मुलगा गणिताच्या पेपरास गैरहजर होता, त्याची ओळ कोरी सोडावयाची मी विसरलो. परिणामी त्याच्या खालच्या प्रत्येक मुलाचे गुण एकेक ओळ वर सरकले. शेवटची एक ओळ तेवढी कोरी उरली, बाकी सर्वांना कोणाचे ना कोणाचे गुण मिळाले, आणि मला काही संशय आला नाही. त्या यादीतील एक मुलगा, विणकराचाच, गणितात उत्तम गुण मिळवूनही नापास ठरला. त्याच्या वडिलांनी निकाल पाहिला आणि ‘शाळा तुझ्या नशिबी नाही’ म्हणून त्यास भिवंडीस चुलत्याकडे मागावर कामाला पाठविले. जूनमध्ये दुसऱ्या एका पालकाच्या तक्रारीमुळे चूक उघडकीस आली. मी त्यांच्या घरी गेलो, हात जोडले. पण मुलगा कामाला लागला होता, घरात त्याची मजुरी येऊ लागली होती. तो पुन्हा शाळेत आला नाही.

शाळेत यावर काय उपाय झाला, तो ऐकण्यासारखा आहे. प्रथम सूचनावहीत लिहिले गेले की सर्व शिक्षकांनी दक्षता बाळगावी. आम्ही सर्वांनी सह्या केल्या. पुढील वर्षी दुसऱ्या एका शिक्षकाच्या हातून जवळजवळ तशीच चूक झाली. तोही आळशी वा बेपर्वा नव्हता. त्यानंतर एका जुन्या लिपिकाने सुचविले की पत्रकात प्रत्येक ओळीवर हजेरीक्रमांक आधीच छापून घ्यावा, गैरहजर मुलाची नोंद तांबड्या शाईने करावी, आणि पत्रकातील गुणांची बेरीज उत्तरपत्रिकांच्या बेरजेशी व मुलांची संख्या उत्तरपत्रिकांच्या संख्येशी जुळल्यावाचून पान पुरे झाले असे मानू नये. ही रीत बसली, आणि मी निवृत्त होईपर्यंत आमच्या शाळेत तसली चूक पुन्हा घडली नाही. आम्ही काही अधिक सद्गुणी झालो नव्हतो; साधन सुधारले होते. माझ्या आजच्या सर्व बोलण्याचे सार एवढ्यात आले.

आता संगणकाकडे वळू. आपण पिढीजात विणकर. संगणकाशी आपले नाते वाटते तितके दूरचे नाही. फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्ड याने सन १८०४ च्या सुमारास असा माग सिद्ध केला की ज्यात नक्षी भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर लिहिलेली असे. जेथे भोक तेथे धागा उचलला जाई, जेथे भोक नाही तेथे खाली राही. यंत्राला आज्ञा लिहून देण्याची ही रीत पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज याने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात उचलली, आणि सन १८९० च्या अमेरिकेच्या खानेसुमारीत अशाच पुठ्ठ्यांनी मोजदाद झाली. आजची आज्ञावली म्हणजे त्या पुठ्ठ्यांच्या माळेचीच दूरची वंशज होय. ती ज्या लेखनपद्धतीने लिहावयाची, तिला संगणकाची भाषा म्हणतात.

‘सी’ ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सन १९७२ च्या सुमारास घडविली. तिच्यावरून पुढे ‘सी प्लस प्लस’ निघाली. या दोन भाषांचे ऋण अपार आहे. संगणकाच्या बुडाशी चालणारे व्यवस्थेचे काम, मोबाईलमधील व बँकेतील यंत्रांचे अंतरंग, यांचा फार मोठा भाग त्यांतच लिहिलेला आहे. त्यांचा विशेष असा की त्या लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकतात. संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने मांडलेल्या असंख्य खणांची रांग. आज्ञावलीने वीस खण मागून घेतले आणि पुढे चुकून एकविसाव्या खणात लिहिले, तर ‘सी’ भाषा तिला हटकीत नाही. एकविसाव्या खणात दुसऱ्याचा ऐवज असला तर तो पुसला जातो, आणि काम पुढे चालू राहते. माझ्या निकालपत्रकाचेच हे रूप नव्हे काय? दुसरी चूक याहून सूक्ष्म. वसतिगृहाची खोली विद्यार्थ्याने सोडली, पण किल्ली परत केली नाही. त्या खोलीत नवा विद्यार्थी आला आणि जुना केव्हाही आत शिरू लागला, अशी कल्पना करावी. परत केलेली स्मृती आज्ञावली पुन्हा वापरू लागली म्हणजे असाच अनर्थ होतो.

चूक प्रामाणिक असली तरी तिचा फायदा चोर घेतो. सन १९८८ च्या नोव्हेंबरच्या २ तारखेस अमेरिकेतील रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या प्रती काढीत पसरणारी एक आज्ञावली संगणकांच्या जाळ्यात सोडली. तिच्या शिरकावाच्या मार्गांपैकी एक असा होता : समोरच्या यंत्रावरील ‘सी’त लिहिलेल्या कार्यक्रमाने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ अक्षरांची जागा राखली होती, पण मजकूर तेवढाच आहे काय, हे तो तपासत नव्हता. अधिक लांबीचा मजकूर धाडून तिने आपल्या आज्ञा आत घुसविल्या. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली.

सन २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाने प्रसिद्ध झालेला दोष उघडकीस आला. बँका, टपाल, दुकाने यांची गुप्त बोलणी ज्या ‘ओपन एसएसएल’ नावाच्या सामग्रीने सुरक्षित राखावयाची, तिच्यातच तो होता. एक यंत्र दुसऱ्यास म्हणे, ‘तू जागा आहेस ना? मग हा शब्द मला परत सांग. तो अमुक इतक्या अक्षरांचा आहे.’ शब्द पाठवावा ‘राम’ आणि लांबी सांगावी हजारो अक्षरांची, की समोरचे यंत्र ‘राम’ सांगून पुढे आपल्या स्मृतीत जे काही असेल ते धडाधडा वाचून दाखवी. एका खेपेस ६४ किलोबाइटपर्यंत. त्यात लोकांचे पासवर्ड असू शकत, यंत्राच्या गुप्त किल्ल्याही असू शकत. सांगितलेली लांबी खऱ्या लांबीशी ताडून पाहण्याची एक तपासणी राहून गेली होती, आणि दोन वर्षे ती कोणाच्या ध्यानी आली नव्हती.

सन २०१७ ची गोष्ट तर आपल्या दाराशी आली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत फाइलींची देवघेव करणाऱ्या भागात लांबीच्या हिशेबाची एक चूक होती. तिच्यामुळे राखलेल्या जागेबाहेर मजकूर लिहिला जाई. कंपनीने मार्च महिन्यात दुरुस्ती प्रसृत केली, पण असंख्य यंत्रांवर ती बसविली गेली नाही. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर कार्यक्रम त्याच भगदाडातून जगभर पसरला, आणि इंग्लंडमधील सार्वजनिक रुग्णालयांना हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. पुढे २७ जून रोजी ‘नॉटपेट्या’ आला. त्याच्याजवळील साधनांत हेही एक होते. डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचा कारभार त्याने ठप्प केला, आणि त्या समूहाकडे असलेल्या, आपल्या न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील धक्क्याचे काम अडले. कोठे दूरदेशी लिहिलेल्या आज्ञावलीत लांबीचा हिशेब चुकतो, आणि रायगड जिल्ह्यात मालाने भरलेल्या पेट्या जागच्या जागी खोळंबतात!

दरवेळी शत्रूच लागतो असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षासेवा देणाऱ्या कंपनीच्या एका नव्या फाइलीमुळे जगातील सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण काय? आज्ञावलीजवळ वीस नोंदी होत्या आणि ती एकविसावी वाचावयास गेली. हे वाचले तेव्हा मला माझी सातवीची यादी आठवली, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

आता कोणी म्हणेल, लिहिणाऱ्यांनी अधिक काळजी घ्यावी. बंधूंनो, ही सूचनावही पन्नास वर्षे फिरत आहे. त्या क्षेत्रातील अत्यंत बुद्धिमान माणसांनी तिच्यावर सह्या केल्या आहेत. तरीसुद्धा मायक्रोसॉफ्टने सन २०१९ मध्ये असे सांगितले की दरवर्षी सुरक्षिततेचे जे दोष ते दुरुस्त करतात, त्यांपैकी सुमारे ७० टक्के स्मृतीच्या अशा गैरवापराचे असतात. सन २०२० मध्ये गूगलच्या क्रोम या ब्राउझरच्या गंभीर दोषांचे प्रमाणही तेवढेच निघाले. ज्या चुका इतक्या निरनिराळ्या ठिकाणी, इतक्या निष्णात हातांनी, इतक्या सातत्याने होतात, त्या केवळ हाताच्या नव्हेत; साधनाच्याही होत.

हा विचार नवा नाही. इंग्लंडमधील थोर संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी सन १९८० मध्ये ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना एक अनुभव सांगितला होता. १९६० नंतरच्या दशकात त्यांच्या कंपनीची भाषा प्रत्येक वेळी खणाचा क्रमांक तपासूनच आत जाऊ देई. त्यामुळे वेग थोडा कमी होई. ‘ही तपासणी बंद करण्याची सोय देऊ का?’ असे गिऱ्हाइकांना विचारता सर्वांनी एकमुखाने नको म्हटले. कारण चुका किती वारंवार होतात, हे त्यांनी अनुभवले होते. एवढे शहाणपण तेव्हा उपलब्ध असूनही वेगाच्या मोहाने जगाने पुढे दुसरी वाट धरली.

येथे मला पुन्हा माग आठवतो. जुन्या मागावर धागा तुटला तरी माग चालतच राही, विणकराची नजर चुकली की हातभर कापड वाया जाई. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी सन १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग पुरा केला की धागा तुटताच तो आपला आपण थांबे. विणकराला ‘डोळ्यांत तेल घाल’ असे सांगण्याऐवजी त्यांनी मागालाच डोळे दिले. संगणकाच्या भाषांतही असे माग आहेत. सन १९९१ ची पायथॉन, १९९५ ची जावा, २००९ ची गो, या भाषा खणाबाहेर हात जाताच काम थांबवितात, आणि स्मृती परत घेण्याची व्यवस्थाही स्वतः पाहतात. या देखरेखीसाठी वेळ व जागा खर्ची पडते, म्हणून यंत्राच्या अगदी बुडाशी असलेल्या कामासाठी त्या पुष्कळदा सोयीच्या पडत नाहीत, एवढाच त्यांचा उणेपणा.

तो भरून काढणारी भाषा म्हणून ‘रस्ट’चे नाव आज घेतले जाते. ग्रेडन होअर नावाच्या गृहस्थांनी सन २००६ मध्ये तिचा आरंभ केला. ते कॅनडातील व्हँकूव्हर येथे एका इमारतीत एकविसाव्या मजल्यावर राहत, आणि आज्ञावली कोलमडल्याने लिफ्ट बंद पडून त्यांना जिने चढावे लागले. त्यातून ही कल्पना निघाली, असे सांगतात. मोझिला या संस्थेच्या आश्रयाने ती वाढली व मे २०१५ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. तिचा नियम शाळेच्या दप्तरासारखा आहे. प्रत्येक वहीचा मालक एकच. ती वही एकाच वेळी पुष्कळांनी वाचावी, हरकत नाही. पण कोणी तीत लिहीत असेल तर त्या वेळी दुसऱ्या कोणी तिला हात लावू नये. मालकाचे काम संपले की वही कपाटात जमा होते, आणि तिच्यावर कोणाचा हात उरत नाही. हे नियम पाळले आहेत की नाहीत, याची बहुतेक तपासणी आज्ञावली चालू होण्यापूर्वीच होते. नियम मोडला तर ती तयारच होत नाही. त्यामुळे वेगाची फारशी किंमत द्यावी लागत नाही.

ही केवळ आशा नाही, फळही दिसू लागले आहे. गूगलने अँड्रॉइड या मोबाईल प्रणालीत नवे लेखन अशा सुरक्षित भाषांत करण्याचा क्रम धरला. जुने सर्व पुन्हा लिहिले नाही. जुने आहे तेथे राहू दिले व नवे मात्र नव्या रीतीने लिहिले. सन २०१९ मध्ये त्यांच्या एकूण सुरक्षादोषांत स्मृतीच्या दोषांचा वाटा ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याने डिसेंबर २०२२ मध्ये प्रथमच ‘रस्ट’ला प्रवेश दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने सन २०२२ मध्ये, आणि व्हाइट हाउसमधील सायबर संचालकांच्या कार्यालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये, स्मृतीची काळजी घेणाऱ्या भाषांकडे वळण्याचा सल्ला दिला.

तथापि शिक्षकाने दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ‘सी’त लिहिलेल्या कोट्यवधी ओळी आज जगाचा गाडा ओढीत आहेत, त्या एका रात्रीत बदलणार नाहीत, आणि नव्याने लिहिताना नव्या चुका होण्याचे भय असतेच. ‘रस्ट’ शिकावयास कठीण आहे, हेही खरे. शिवाय थांबलेला माग कापड विणीत नाही. थांबल्यावर काय करावयाचे, हे माणसानेच ठरवून ठेवावे लागते. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर चाळिसाव्या सेकंदाच्या आतच नष्ट झाले. त्याची आज्ञावली ‘अडा’ या कडक शिस्तीच्या भाषेत होती. मोठी संख्या लहान जागेत मावली नाही, ही चूक पकडली गेली. पण पकडल्यावर पुढे काय, याची तजवीज नव्हती. सन २०२१ च्या डिसेंबरात ‘लॉग फोर जे’ या सामग्रीतील दोषाने जगभर धावपळ उडाली. ती तर जावात लिहिलेली होती. तेथे स्मृतीची चूक नव्हती, बाहेरून आलेल्या मजकुरावर भलताच विश्वास टाकण्याची चूक होती. आणि आपल्यातील एखादा वृद्ध फोनवरील गोड बोलण्याला भुलून ओटीपी सांगून टाकतो, तेव्हा त्याला कोणती भाषा वाचविणार? सुरक्षित भाषा ही भक्कम कुलपासारखी आहे. दार उघडून चोराला आत घेणाऱ्याचे ती रक्षण करीत नाही. परंतु काही चोऱ्या कुलपाने थांबत नाहीत, म्हणून कुलूपच लावू नये, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

आता ठरावाकडे येतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे मंडळापुढे चार सूचना ठेवितो. पहिली, वर्गाचा आरंभ पायथॉनने करावा; ती सोपी आहे व नवशिक्याच्या चुका तत्काळ दाखविते. दुसरी, त्यानंतर थोडे दिवस ‘सी’ अवश्य शिकवावी. यंत्राच्या स्मृतीचे खण डोळ्यांनी पाहिल्यावाचून त्यांच्या रक्षणाचे महत्त्व कळत नाही. आणि खणाबाहेर लिहिले की काय होते, याचा प्रयोग मुलांकडून मुद्दाम करवून घ्यावा. तिसरी, ज्यांना गती आहे अशा दोनचार मुलामुलींना ‘रस्ट’ शिकण्यासाठी पुस्तके व मार्गदर्शन यांची सोय शिष्यवृत्ती निधीतून करावी. चौथी सूचना आपल्या स्वतःच्या घराची. मंडळाच्या सभासदांची यादी, त्यांचे पत्ते व दूरध्वनी आता संगणकावर आहेत. त्या यंत्रावर दुरुस्त्या वेळच्या वेळी बसवाव्या, यादीची प्रत वेगळी राखावी, आणि ती वाटेल त्याच्या हाती देऊ नये. घरचा दिवा विझलेला ठेवून मुलांना प्रकाशाचे धडे देणे शोभत नाही.

सभेत ज्या सद्गृहस्थांनी ‘त्यात एवढा खल कशाला’ असे विचारले, त्यांना माझे नम्र उत्तर असे : भाषा कोणती, हा प्रश्न आवडीनिवडीचा असता तर खल केला नसता. पण चूक घडल्यावर ती कोणाच्या माथी बसते, हा त्यातला खरा प्रश्न आहे. पत्रक मी चुकविले. शिक्षा त्या मुलाने भोगली. आज्ञावली लिहिणारा सुखरूप असतो. भेट रद्द होते ती रुग्णाची. म्हणून चूक ज्याच्या हातून झाली त्याच्याच टेबलावर, त्याच क्षणी ती उघडी पडावी, असे साधन निवडणे, हा मला तांत्रिक प्रश्न वाटत नाही. तो धर्म वाटतो.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. त्याची भेट मला पुन्हा झाली नाही. त्याचे मी काही भरून देऊ शकत नाही. परंतु वसतिगृहाच्या या वर्गातून पाच मुले जरी अशी निघाली, की जी आज्ञावली लिहिताना ‘या ओळीच्या टोकाला कोणीतरी माणूस आहे’ हे विसरणार नाहीत, आणि धागा तुटताच थांबणारा माग हाती घेतील, तर माझ्या ऋणाचा अंशतः तरी उतराई झालो, असे मला वाटेल.

 माझ्या समजुतीत काही उणे असल्यास तरुण जाणकारांनी ते सुधारून घ्यावे, अशी विनंती करून मी आपले भाषण संपवितो.